चार वाजताचा पंखा

विजेच्या नव्या पेटीचा खटका रंगरावांनी वर केला. घर उजळलं, आई देवापुढे साखर ठेवायला वळली... आणि खट्! सगळं बंद.

"आत्ता तर बसवली," बाबा म्हणाले.

"पेटी चांगली हाय," रंगराव वायरमन म्हणाले. "दोष घरात जुनाच हाय. चिनीमातीचे फ्यूज गपगुमान सोसत होते, ही सोसत न्हाई."

अनुया दारात आली, तेवढ्यात शेजारचंही दार उघडलं. ते अर्धं घर काकांचं. भाऊ वेगळे झाले, मधे भिंत आली, काका नाशिकला गेले आणि बोलणंच संपलं. आता तिथे भाडेकरू होता. लातूरकडचा ज्ञानेश, चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणारा.

"तुम्ही आत्ता काय लावलंत?" अनुयाने विचारलं.

"पंखा. तोबी थांबला."

"मग लावू नका."

"आन् उकडलं तर? तुमच्या दारात येऊन बसू?"

तिला रागवायचं होतं. जमलं नाही.

रंगरावांनी दुपारभर शोधून दोष काढला. घर वाटलं, पण वायरी वाटायच्या राहिल्या होत्या! काकांच्या त्या पंख्याला वीज काकांच्या मीटरवरून जायची, पण ती परत नेणारी न्यूट्रलची तार भिंतीतून इकडच्या पेटीत यायची. परक्या घराचा करंट आला की नवी पेटी खटका पाडायची. इकडे अंधार, तिकडे पंखा बंद.

"गच्चीवरच्या डबीत तार वेगळी करावी लागंल," रंगराव म्हणाले. "न्हाईतर खटका पडल्यावरबी कुणाला तरी झटका बसायचा."

"तार भावाच्या घराची. त्याने करून घ्यावी," बाबा म्हणाले. विषय तिथेच राहिला.

ज्ञानेशने टेबलफॅन आणला. तो दुसऱ्या बटणावर नीट चालायचा. छताच्या पंख्याची गरजच नव्हती... तरी रोज चारला, कंपनीची बस त्याला सोडून गेली की, खट्! अनुया बालवाडीत शिकवून नुकतीच आलेली असायची. ती दारात, तो दारात.

"चुकून दाबलं," तो म्हणायचा.

"रोज?"

"शाळेतबी असाच होतो मी." मग तिच्या बोटांकडे बघत, "आज हिरवा?"

पोरांच्या रंगकामाचा डाग ती ओढणीत लपवायची. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम न धुता यायची.

आईला वाटायचं, खटका वर करायला हिला इतका वेळ कसा लागतो...

एका गुरुवारी तो हसला नाही.

"कंपनीवाले होसूरला पाठवालेत, तिकडं तमिळनाडूत. उद्या संध्याकाळची गाडी."

अनुया दाराची कडी चाळवत राहिली. घरात अंधार तसाच होता, खटका वर करायचं तिला सुचलंच नाही.

"फोन कंपनीचा, उद्या सकाळी जमा करायचाय," तो म्हणाला. "म्हणून आत्ताच बोलतो. उद्या चारला मी शेवटचं बटण दाबीन. दिवे गेले की... तुम्ही नुसतं दारात या. काही बोलू नका. मी समजून घेईन."

"आणि नाही आले तर?"

"तरी समजून घेईन."

आत आईच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. अनुयाने तो ऐकला, आणि विसरून गेली.

शुक्रवारी तिने पिवळा कुर्ता घातला. बोटावर लाल रंग ठेवला. आई भजनाला गेली होती. ती बल्बकडे बघत बसली. चार वाजले. सव्वाचार. बल्ब शांतपणे जळत होता. कधी नव्हे इतका शांतपणे.

बाहेर रिक्षा थांबली. बॅग ठेवल्याचा आवाज आला. उठावं का... पण त्याने बटणच दाबलं नव्हतं. त्याचं मन बदललं असेल, तर दारात जाऊन कुठल्या तोंडाने उभं राहायचं? रिक्षा गेली. बल्ब जळतच होता.

आई आली तेव्हा अनुया तशीच बसलेली होती.

"बघ, दिवे गेले नाहीत ना आज?" आई चपला काढत म्हणाली. "काल दिवे गेलेलेच आहेत म्हणून मी स्वयंपाकघरातला होल्डर बदलायला घेतला, तर काय झटका बसला! सगळं बंद असताना, सांग. तुझे बाबा घाबरले. रंगरावांना सकाळी बोलावून तार वेगळी करून घेतली एकदाची. तू बालवाडीत होतीस."

अनुया अनवाणी धावली. शेजारी कुलूप होतं.

तिने त्याचा नंबर लावला. बंद.

खिडकीच्या फटीतून तिने आत पाहिलं. खोली रिकामी. खिळ्यावर मोकळा हँगर. आणि छताचा पंखा... इतके दिवस दोन फेरे घेऊन थांबणारा तो पंखा गरगर फिरत होता.

त्याने बटण दाबलं होतं. पंखा थांबायची वाट पाहत तो इथेच उभा राहिला असेल. तो थांबला नाही, तेव्हा त्याला वाटलं असेल, अनुयाने तार तोडून घेतली. नेमकी आजच.

त्याने समजून घेतलं होतं.

पंख्याचा वारा फटीतून तिच्या लाल बोटांना लागत होता. तिने हात काढला नाही.