नदीपलीकडचे दोन दिवे

त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. आभाळ राखेच्या रंगाचं. ऊन नाही, पाऊसही नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. असा दिवस लवकर मावळतो, पोरांनो, आणि रात्र मात्र सरता सरत नाही. जरा जवळ सरकून बसा. घडलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

ज्याच्याबाबतीत घडलं तो माझ्या ओळखीतलाच. गाड्यांच्या सीटा शिवायचा, म्हणून सगळे त्याला गादीकाका म्हणत. एका शटरचं दुकान, आत शिवणयंत्र, रेक्झिनचे गुंडाळे, आणि फोमचा भुसा इतका की गिऱ्हाईक शिंकल्याशिवाय बाहेर पडत नसे. घरी बायको आणि एकुलती एक लेक. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिला जीपचं वेड. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप तिनं घेतली आणि जीपवाल्यांच्या क्लबात नाव घातलं. शनिवारी रानात जायचं, तंबू ठोकायचे, चिखलात गाड्या घालायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून त्या बाहेर काढायच्या.

"मुळात घालायच्याच कशाला?" गादीकाका विचारायचा.

"बाहेर काढता याव्यात म्हणून, बाबा!"

म्हणायचा असं, पण जायचा तिच्याबरोबर. ती चालवायची आणि हा पुढे चालायचा.

पुढे चालायचं म्हणजे काय, ते नीट ऐका. वाट वाईट असली, की एकानं उतरून गाडीपुढे व्हायचं. त्याला ते वाटाड्या म्हणत. वाटाड्यानं गाडीकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे सरकायचं आणि हातानं सांगायचं. डावीकडे, उजवीकडे, ये, थांब. चालवणाऱ्यानं वाटेकडे बघायचंच नाही, फक्त त्या हाताकडे बघायचं. कळलं, की दिवे एकदा मिचकवायचे. गादीकाकाची लेक दोनदा मिचकवायची. एक कळलं म्हणून, आणि एक उगीच, बापाला चिडवायला. तोही मग मोठ्यानं म्हणायचा, "या साहेब, या! सावकाश!" गाडीत बसलेली ती साहेब आणि चिखलात उभा तो नोकर. सगळा क्लब हसायचा.

आणि आणखी एक. रात्री गाडीचे दिवे तोंडावर असले, की वाटाड्याला चालवणारा दिसत नाही. दिसतो तो नुसता उजेड. आत आपलंच माणूस आहे, हे धरून चालायचं.

एका शनिवारी त्याच्याकडे शाळेच्या बसच्या सीटांचं काम अडलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, चला ना. मला पुढून हात कोण करणार?"

यंत्रावरून मान वर न करता तो म्हणाला, "क्लबात चाळीस हात आहेत. कुणीही करेल."

कामावरून सुटून ती एकटी निघाली. नदीपाशी पोचेपर्यंत रात्र झाली. तंबू समोरच्या तीरावर, आणि तंबूतले सगळे झोपलेले. लोकांची झोप कशाला मोडायची, असा विचार तिनं केला असणार. कुणाला हाक न मारता तिनं गाडी पाण्यात घातली. वर कुठंतरी पाऊस झालेला होता. पाणी चढलं... जीप चार दिवसांनी खाली खडकात अडकलेली सापडली. लेक सापडली नाही.

पुढचं वर्ष त्या घरात कसं गेलं, ते मी काय सांगू. बायकोनं बोलणं टाकलं. चूल पेटायची, ताट समोर यायचं, पण शब्द नाही. शेजारी जाणं नाही, कुणाकडे बघणं नाही. तोही दुकानात यंत्रापुढे नुसता बसून राहायचा.

वर्ष भरत आलं तेव्हा क्लबवाले परत त्याच नदीवर निघाले. गादीकाका आपणहून अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षाचं फरशीचं दुकान, म्हणून सगळे त्याला फरशीवाला म्हणत; चांगला माणूस. तो म्हणाला, "काका, तुम्ही कशाला येता? जिवाला त्रास होईल."

"मला काही नको. ज्या जागी उभं राहायचं होतं, तिथं एकदा उभा राहतो. बस."

फरशीवाल्यानं नेलं त्याला.

शनिवारची रात्र. साडेअकरा झाले असतील. चंद्र नव्हता. सगळ्या गाड्या आल्या, एक सोडून. ती दातांच्या डॉक्टरची.

"दुसऱ्यांना वेळ देतो आणि स्वतः मात्र कधी वेळेवर नाही," फरशीवाला कुरकुरला. "काका, तुम्ही जागेच आहात ना? तो आला की त्याला तेवढा पार करून घ्या. पाणी घोट्याएवढंच आहे. काही लागलं तर वॉकीटॉकीवर हाक मारा."

एवढंच काम. गादीकाका बॅटरी आणि काठी घेऊन पाण्यापाशी गेला आणि उभा राहिला. पाठीमागचे आवाज एकेक करून मिटले. कुणी घोरायला लागलं. पाणी आपलं खळखळत होतं.

मग पलीकडच्या तीरावर दोन दिवे लागले.

आला वाटतं डॉक्टर, म्हणून यानं बॅटरी हलवली. पाण्यात उतरला. हात वर केला. ये.

गाडी पाण्यात आली. हा उलट्या पावलांनी मागे सरकू लागला. डावीकडे, असा हात केला. गाडी डावीकडे वळली. थोडं उजवीकडे. तशी वळली. डॉक्टर एरवी एका हाताला चार चुका करायचा, आज हाताबरहुकूम चालवत होता. बरं वाटलं याला. मग लक्षात आलं, की इंजिनाचा आवाज येत नाहीये. पाण्याचा असेल मोठा, म्हणून सोडून दिलं.

गाडी निम्म्यात आली. तिथं मोठा दगड होता. यानं मूठ वर केली. थांब. गाडी थांबली.

दिवे मिचकले.

एकदा... आणि परत एकदा.

याचा हात वरच राहिला.

तेवढ्यात खांद्याला अडकवलेली वॉकीटॉकी खरखरली. "काका? डॉक्टर बोलतोय. अहो, पंक्चर झालंय. मी अजून डांबरी रस्त्यावरच आहे, चाक काढून बसलोय. तुम्ही ताटकळत थांबू नका. झोपा जाऊन."

...

समोर ते दोन दिवे. पांढरे. त्यांच्यामागे काळोख. आणि पाणी आता घोट्याला नव्हतं. गुडघ्याला लागत होतं. गार. कधी चढलं, कळलं नाही.

तुम्ही काय केलं असतं? पळाला असतात. मीही पळालो असतो. पण वाटाड्यानं गाडीकडे पाठ करायची नसते. त्यानं केली नाही.

त्यानं मूठ उघडली. हात पुढे केला.

"या... या साहेब. सावकाश."

दिवे हलले.

"डावीकडे... अजून थोडं. दगड आहे. हां. माझ्याकडे बघ. पाण्याकडे बघू नकोस, राजा. हाताकडे बघ."

एक पाऊल मागे. दिवे एक पाऊल पुढे. पाणी मांडीला लागलं.

"मी आहे. मी आलोय."

एक पाऊल. एक पाऊल.

"ये बाळा..."

टाचेला वाळू लागली. मग सुकं गवत. दिवे तीरावर चढले, अगदी समोर आले, हात लावता येईल इतके. आता बाजूला झालं की आत कोण आहे ते दिसणार. तो बाजूला झाला.

दिवे विझले.

काही नाही. काळोख. पाण्याची खळखळ. बॅटरी मारून बघितलं, तर नदीला घोट्याएवढंच पाणी... आणि गवताचं एक पातं वाकलेलं नाही. याची विजार मात्र मांडीपर्यंत चिंब होती.

तो तिथंच बसला. पहाटे डॉक्टर आला तेव्हाही तसाच. तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही, मला सांगितलं ते पुष्कळ दिवसांनी. फरशीवाल्यानं गाडीत घालून घरी आणून सोडलं. वाटेत फक्त एकदा म्हणाला, "माझ्याबरोबर आणता आली नाही हो." फरशीवाल्याला काय कळणार? त्यानं मान हलवली.

घराचं फाटक उघडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बायको आत गाढ झोपलेली, तोंडावर हात घेऊन. वर्षात अशी झोपलेली त्यानं बघितली नव्हती. तो दबक्या पावलांनी परत बाहेर आला. शेजारची नर्स फाटकापाशी उभी होती. अंगावर कालच्या ड्यूटीचेच कपडे. आत यावं की नाही, असं चाललं होतं तिचं. मग हळूच म्हणाली,

"काका, रागावू नका, पण तुम्हाला सांगितलेलं बरं. मी बाराच्या पुढे ड्यूटीवरून आले, तर काकूंनी माझं दार वाजवलं. वर्षभरात पहिल्यांदा बोलल्या माझ्याशी. सुका टॉवेल आहे का, म्हणाल्या, आमचे दोरीवर ओले आहेत. कुणाला हवाय, विचारलं, तर म्हणाल्या, पोर भिजून आलीय. मी टॉवेल दिला. पहाटे परत आणून दिला त्यांनी... काका, मी तो पिळला. त्यातून वाळू निघाली."