चुकलं, पुन्हा घेतो

मी हल्ली एकच गोष्ट दोनदा-तीनदा सांगतो. समोरच्याच्या कानावर पडली की नाही, याची खात्रीच वाटत नाही. तशी ही सवय धंद्यातलीच म्हणा. जुने डेस्कटॉप दुरुस्त करणाऱ्याचं ऐकतं कोण? "डिस्कची कॉपी काढून ठेवा," असं मी ज्याला त्याला सांगत आलो. सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. मग एके दिवशी सीपीयूचा डबा छातीशी धरून दुकानात येतात, डोळ्यांत पाणी. तेव्हा माझं डोकंच फिरतं.

आमचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. वर माणसं चढली-उतरली की छतातून धूळ पडते. पुढे काउंटरवर माझा मेहुणा बसतो, म्हणजे मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो. मागे माझं टेबल, फळीवर जुन्या डिस्का, आणि एक मांजर. हे मांजर कुणी पाळलेलं नाही. त्याला उघड्या सीपीयूत जाऊन झोपायची भारी हौस. म्हणून मी काम चालू असलं तरी डब्याचं झाकण नुसतं अडकवून ठेवतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या आठवड्यात काकू आल्या. माझ्या कुणी नात्यातल्या नाहीत, पण गिऱ्हाईक बाई पांढऱ्या केसांची असली की काकूच. सीपीयू चादरीत गुंडाळून, बाजाराच्या चाकाच्या पिशवीत घालून ओढत आणलेला.

"मधूनच बंद पडतो," म्हणाल्या. "आणि आतून टकटक करतो. ह्यांचा आहे हो. ह्यांचा आवाज आहे त्यात."

त्यांचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासायचे. "जन्म गेला दुसऱ्याच्या चुका काढण्यात," काकू हसून म्हणाल्या. ते निवृत्त झाले तेव्हा मुलगी परदेशी, तिला दिवस गेलेले, म्हणून ह्या गृहस्थांनी होणाऱ्या नातवंडासाठी एक गोष्ट रचली. एका कासवाची. रोज थोडी थोडी स्वतःच्या आवाजात वाचून ते कॉम्प्युटरवर भरून ठेवायचे. गोष्ट संपायच्या आत तेच गेले. नात नंतर झाली. आता ती चार वर्षांची होती आणि येत्या रविवारी आईबरोबर पहिल्यांदाच आजीकडे यायची होती.

"तिला आजोबा फोटोतले ठाऊक आहेत," काकू म्हणाल्या. "आवाज मीच ऐकवणार, असं कबूल केलंय मी लेकीला. तेवढं करा हो. बाकी काही गेलं तरी चालेल."

"कॉपी काढली होती?"

"काढू, काढू म्हणत होते."

मी कपाळावर हात मारला. पण बाई इतक्या गरीब चेहऱ्याने उभी होती की नेहमीचं भाषण गिळलं आणि चादर सोडली.

त्यांच्यासमोरच मी मशीन एकदा चालू केलं. नशिबाने लागलं. स्पीकरमधून जरा घोगरा, सावकाश आवाज आला. माणूस वाचता वाचता अडखळला, की शांतपणे म्हणायचा, "चुकलं. पुन्हा घेतो." आणि वाक्य पहिल्यापासून. एके ठिकाणी त्याने वाचलं, 'रात्री कासव विहिरीपाशी पोचलं.' थांबला. "चुकलं. पुन्हा घेतो. दुपारी कासव विहिरीपाशी पोचलं." आणि पुढे गोष्टीत सगळीकडे दुपारच. रात्र जणू कधी झालीच नव्हती. मला हसू आलं. आपल्या चुका अशा पुसता आल्या असत्या तर काय पाहिजे होतं!

शेवटचा तुकडाही ऐकला. "कासवाने दार ढकललं, तर आत..." मग खुर्ची करकरली आणि संपलं. "दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं," काकू म्हणाल्या. मशीन तेवढ्यात बंद पडलं.

काकू गेल्यावर मी डिस्क बाहेर काढली. आमच्यात एक जुनी पद्धत आहे. चालू डिस्कवर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर छाती तपासतो तसंच. कुठला भाग झिजलाय ते कळतं. मी ऐकलं. टक, टक, आणि मग थोडी शांतता. पुन्हा टक, टक. मरायला टेकलेली डिस्क असाच आवाज करते, त्यात नवल नाही. फक्त मधल्या त्या शांततेत कुणी श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. पंखा असेल म्हटलं. पंखा बंद केला. तरी तेच. कान धुवून घ्यायला हवेत, असं स्वतःलाच बजावलं आणि कामाला लागलो.

जुन्या मशीनला जुन्याच धाटणीची डिस्क लागते. माझ्या फळीवर त्याच बनावटीची, त्याच मापाची एक कोरी पडून होती. दोघी जुळ्या बहिणी. म्हणून माझा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या डिस्कवर आधी लाल पट्टी चिकटवायची. लालवरून कोरीवर कॉपी. उलटं झालं की भरलेल्या डिस्कवर कोरेपणाची कॉपी होते, आणि मग देव आला तरी काही करू शकत नाही.

दोन्ही डिस्का टेबलावर ठेवल्या, पट्टी फाडली, आणि ते मेलं मांजर टेबलावर उडी मारून आलं. डिस्का सरकल्या. मी त्याला शिव्या घालत खाली ढकललं. तेवढ्यात मेहुणा ओरडला, "भाऊजी, जरा हळू, फोनवर आहे मी!" "तू कधी नसतोस रे फोनवर?" असं म्हणत म्हणत हाताला आली त्या डिस्कवर मी पट्टी लावली. जोडणी केली. कॉपी सुरू केली.

फार सुरळीत चालली. तिथेच शंका यायला हवी होती. आजारी डिस्कची कॉपी कधी अशी सरळ होत नाही, ती अडते, रडते. ही आपली गुमान चालली होती. संपल्यावर पडद्यावर आलं, काम यशस्वी. मी आधी नवी डिस्क उघडून बघितली. कोरी. मग जुनी बघितली.

कोरी.

होती नव्हती ती सगळी साधनं लावून बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्यं. टकटकही थांबली होती. मी दोन्ही डिस्का तशाच टेबलावर टाकल्या, सीपीयूचं झाकण अडकवलं, तो काउंटरवर नेऊन ठेवला आणि बाहेर पडलो. उन्हात कुठे कुठे फिरलो, काही आठवत नाही. काकूंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्याशी त्यांचा तो चेहरा यायचा. शेवटी ठरवलं, बहाणे नाहीत, घरी जाऊन पाय धरायचे.

परत आलो तर काउंटर रिकामा.

"सीपीयू कुठे?"

"काकूंची मुलगी आली होती टॅक्सी घेऊन," मेहुणा मान वर न करता म्हणाला. "दोन दिवस आधीच पोचल्या म्हणे. झालंय का विचारलं, मी म्हटलं झाकण लावलंय म्हणजे झालंच असणार. दिला."

"अरे गाढवा, त्यात डिस्कच नाहीये! आत काही नाही त्याच्या!"

मी आत धावलो. दोन्ही डिस्का टेबलावरच होत्या, लाल पट्टीची आणि बिनपट्टीची. शेजारी मांजर. मी तडक काकूंना फोन लावला.

"अहो, किती आभार मानू तुमचे!" मला तोंड उघडू न देताच त्या म्हणाल्या. "लागल्या लागल्या सुरू झालं. आवाज तर इतका स्वच्छ! पिल्लू हलायला तयार नाही तिथून."

त्यांच्या मागून तो आवाज येत होता. घोगरा, सावकाश. शब्द कळत नव्हते.

मी दोन्ही डिस्का पिशवीत टाकल्या, सवयीने स्क्रूड्रायव्हर खिशात कोंबला आणि निघालो. वाटेत स्वतःला समजावत होतो. मुलीकडे दुसरी कॉपी असणार. मोबाइलवर लावलं असणार. काहीतरी साधंच असणार.

घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. बाहेर लख्ख दुपार, खिडकीतून ऊन थेट टेबलावर. टेबलाखाली सीपीयू, आणि त्याला कान लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली नात. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आणि कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येत होता. काकूंची मुलगी रडून घेत असावी.

"या, या," काकू कुजबुजल्या. "अहो, ह्यांनी तर पुढचंही वाचून ठेवलं होतं! मला कधी बोलले नाहीत. चहा टाकते, बसा."

"काकू, तुमच्या लेकीकडे दुसरी कॉपी होती का?"

"छे हो. हेच आपलं."

आवाज चालू होता. "...आणि कासव म्हणालं, एवढ्या लांबून आलो ते काय दाराशी बसायला?"

"मग आजोबा?" नातीने विचारलं.

आवाज थांबला. हसला. "सांगतो ना पिल्लू."

मी तिथेच जमिनीवर बसलो. पिल्लू हे नाव काकूंनी आत्ता ठेवलेलं, की त्या पोरीच्या जन्माआधी गेलेल्या माणसाने? काकूंना विचारायला हवं होतं. पण माझं लक्ष पडद्याकडे गेलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ होती. डिस्क सापडत नाही. तिच्यापुढे रेघ लुकलुकत होती.

"ते काहीतरी येतंय पडद्यावर," काकू कप आणून माझ्या हाताशी ठेवत म्हणाल्या. "ते नंतर बघा. वाचून होऊ दे त्यांचं."

"काकू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. माझ्या हातून..."

"नंतर हो."

मला बसवेना. मी मशीनचं झाकण काढलं. नुसतंच अडकवलेलं होतं, लगेच निघालं. आत पंखा फिरत होता. डिस्कची जागा रिकामी. दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या, त्यांची टोकं कशालाच जोडलेली नव्हती. मी बोटाने चाचपून बघितलं. नव्हतीच.

आवाज बंद पडला.

"काका, आजोबा थांबले," नात रागाने म्हणाली.

मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. का काढला, सांगता येत नाही, हाताची सवय. टोक त्या रिकाम्या चौकटीवर ठेवलं. मूठ कानाला लावली.

आत कुणीतरी श्वास घेतला. पान उलटलं.

"कासवाने दार ढकललं," आवाज म्हणाला, स्पीकरमधूनही आणि माझ्या कानातही. "तर दाराशी एक माणूस वाकून बघत होता. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता."

"काका गोष्टीत आले!" नातीने टाळी वाजवली.

मी हात मागे घेतला.

"काका," मी त्या डब्याकडे बघून म्हणालो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, दुसरं काय म्हणणार? "काका, माफ करा. चूक झाली माझ्याकडून."

आत पान मागे उलटलं.

"चुकलं," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. "पुन्हा घेतो."

"नको," मी म्हणालो.

"कासवाने दार ढकललं. आत लख्ख ऊन होतं. दाराशी कुणीच नव्हतं."

नातीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी होतो तिथे बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आजी, ते काका कुठे गेले?"

"कोणते काका गं?"

"काकू, अहो मी इथे आहे," मी म्हणालो. "काकू, ऐकताय ना?"

पोरगी क्षणभर विचार करत राहिली. मग "काय माहीत" म्हणून पुन्हा डब्याला कान लावून बसली. गोष्ट पुढे चालू झाली होती.

काकू खाली वाकल्या, माझ्या पायाशी पडलेलं झाकण उचललं आणि हळूच जागेवर बसवलं. मग माझ्या हाताशी ठेवलेल्या कपाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यातून वाफ येत होती.

"हा कुणासाठी ओतला मी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि कप उचलून आत घेऊन गेल्या.