कुड्या कुणाच्या कानात?

कुबात मला भेटला तो थेट माझ्या पायावर कापडाचा गठ्ठा आदळून! बिश्केकमधल्या आमच्या शिवणकारखान्यात तो माल पोहोचवायला आला होता. पाठमोराच काहीतरी पुटपुटला... माफी मागत असावा. मी ओरडले, "तोंड इकडे करून बोल! मला कमी ऐकू येतं." तो गर्रकन वळला, माझ्या डोळ्यांत बघत अगदी सावकाश म्हणाला, "चहा... घेणार?" झालं! मी तिथेच विरघळले.

तेव्हापासून माझ्याशी तो समोर उभा राहूनच बोलतो. इतर पोरींशी मात्र कसाही — चालता चालता, गठ्ठे उचलता उचलता... आणि त्या खिदळतात. का, ते मला कळत नाही. मी जळते. हो, जळते! त्याच्या आवाजातलं जे मला मिळत नाही, ते त्यांना फुकट का मिळावं?

आणि आता बर्फ वितळला की तो रशियात बांधकामावर निघालाय. व्हिडिओ अडखळला की ओठ वाचता येत नाहीत. म्हणून मला फोन हवा होता, माझ्या उजव्या कानातल्या यंत्राशी जुळणारा. नुसता मोठा आवाज काय कामाचा? शब्द सुटा सुटा कळायला हवा. तसा फोन मिळाला नाही, तर कुबात गेल्यावर माझ्याकडे उरणार काय?

बाजारातल्या दुकानात जिबेक नावाची मुलगी होती. नको तेवढी देखणी.

"तुमचा आवाज काय गोड आहे हो," ती कुबातला म्हणाली. मी तिचे ओठ वाचले. नेमकं नको ते मला बरोबर वाचता येतं.

"आवाज फोनचा बघायचाय," मी म्हटलं, "त्याचा नाही."

ओठ वाचून मी लबाडी करीन, म्हणून कुबात बाहेर गेला आणि समसा, म्हणजे आमचे मांसाचे सामोसे, भाजणाऱ्याच्या भट्टीपाशी पाठ करून उभा राहून फोनवर बोलू लागला. पहिला फोन कानाशी नेताच यंत्रात शिट्टी. दुसऱ्यात कुबात विहिरीतून बोलत होता. तिसरा...

"थांब, आवाज वाढलाय का बघते," म्हणत जिबेकने तो माझ्या हातातून घेतला नि स्वतःच्या कानाला लावला. आणि काय सांगू — ऐकता ऐकता ती लाजली! बोटांनी कानाची पाळी चाचपली. "हो, हो! छान!" म्हणून खुदकन हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कानामागून आली आणि तिखट झाली!

"काय म्हणाला तो?"

"मला काय विचारतेस? त्यालाच विचार की."

मी बर्फाचा चिखल तुडवत बाहेर गेले. कुबात वळला. चेहरा नुसता उजळलेला.

"हो म्हणालीस! आत्ता आईला कळवतो..."

"मी काही म्हटलंच नाही. फोन त्या भवानीच्या कानाला होता!"

"या खुदा! म्हणजे मी तिला—"

"काय तिला? बोल ना!"

तो खाली बघू लागला. मग आठवण होऊन मान वर केली. "रविवारी आई तुझ्या कानात कुड्या घालायला आली तर चालेल का... असं विचारलं."

आमच्याकडे मुलाच्या आईने कुड्या घातल्या की सोयरीक पक्की. आणि माझी मागणी गेली जिबेकच्या कानात! मला रडावं की त्याला बदडावं, कळेना.

तेवढ्यात जिबेक फोन घेऊन दारात आली. "अशी बघू नकोस गं! माझ्या कानात कुड्या कधीच घातल्यात. मला माझंच आठवलं."

"आयझात, आता समोरून सांगतो—" कुबात म्हणाला.

"नाही. भट्टीपाशी जा. पाठ कर. फोनवर विचार. तू गेल्यावर मला असंच ऐकायचंय."

तो गेला. मी फोन कानाला लावला. शिट्टी नाही, घुमणं नाही. आधी त्याचा श्वास आला, मग त्याने गिळलेला आवंढा.

"आयझात... आई येऊ दे?"

माझे डोळे भरून आले. "येऊ दे," मी म्हटलं. "ऐकू आलं मला. सगळं."

कुबात धावतच आला. जिबेकने डोळे पुसले आणि विचारलं, "मग हाच देऊ ना?"

"मुळीच नाही!" मी फोन तिच्या हातात ठेवला. "अस्साच दुसरा दे, डब्यातला. या फोनने ते आधी तुझ्या कानात सांगितलंय."