मागचा माणूस

भूत भेटायला अमावस्येला जागावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरकारी गाडी कधी चालवलेली नसते. सकाळी आंघोळ करून, चहात बेकरीचं बटर बुडवून खाऊन, जोतिबाच्या फोटोला हात जोडून किल्ली मारली तरी भेटतंय. धैर्यशीलला तसंच भेटलं. ऐका. आणि ऐकताना मागं वळून बघू नका, मला हसू येतंय.

धैर्यशील आमच्या ग्रामपंचायतीच्या कचरागाडीचा ड्रायव्हर. गावाचं नाव सांगत नाही, उगं सरपंचवहिनींचा फोन यायचा. बाप काय बघून नाव ठेवून गेला देव जाणे. झुरळ उडालं तरी हा गडी सीटवर पाय घेऊन बसायचा. गाडी मात्र फुलासारखी चालवायचा. गाडीवरचा मदतनीस अण्णासो. मिशा झुपकेदार, तोंडात तंबाखू, आणि अंगात खोडी एवढी की शाळेत असता तर मास्तर पळून गेला असता.

गावाचा कचरा जुन्या खणीत पडायचा. पूर्वी तिथनं दगड काढला, आता नुसता खड्डा उरलाय आणि तळाला हिरवंगार पाणी. किती खोल ते कुणी मोजलं नाही, कारण मोजायला गेलेलं म्हसरू वर आलं नाही. गाडी उलटी घेत घेत पार काठाला न्यायची, हौदा उचलायचा, कचरा खाली. ड्रायव्हरला मागचं काय दिसणार? अण्णासो मागं उभा राहायचा आणि पत्र्यावर हात मारायचा. दोन ठोके म्हणजे ये. एक ठोका म्हणजे थांब. ट्रकवाल्यांची जुनीच भाषा ही, सगळ्या महाराष्ट्राला कळती.

पण अण्णासो सरळ ठोके मारील तर अण्णासो कसला! गाडी काठाला आली, आता थांबायलाच पाहिजे, अशा वेळी हा मुद्दाम आणखी दोन मारायचा. धैर्यशीलचा पाय ब्रेकवर लटलटायला लागायचा. मग अगदी शेवटच्या बोटाला, धाडकन एक! आणि मागनं खो खो हसणं.

"घाबरलास की मर्दा!"

"अण्णा, एक दिवस मारशीला मला."

"माझा शेवटचा एक कधी चुकलाय का? सांग की!"

चुकला नव्हता, हे खरं. जिवंत होता तोवर.

पावसाळ्यानंतर तालुक्याहून प्रसेनजीत साहेब आले. वाहनांचा कारभार त्यांच्याकडं. माणूस सज्जन, पण नियमाला इतका पक्का की स्वतःच्या अंगणात गाडी हलवायची झाली तरी पट्टा लावणारा. तालुक्यात कुठंतरी गाडी मागं घेताना अपघात झाला होता, म्हणून सगळ्या पंचायतींच्या ड्रायव्हरांना एकत्र बसवून नियम समजावत फिरत होते. गाडीत बाहेरचं माणूस घ्यायचं नाही. चालवताना मोबाईल खिशातच. पट्टा लावायचाच. हळूहळू सगळ्यांचे डोळे मिटायला लागले, तसा साहेबांनी आवाज चढवला.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मागं माणूस उभा असल्याशिवाय सरकारी गाडी मागं घ्यायची नाही. कुणीही. मीसुद्धा."

अण्णासोनं हात वर केला. "साहेब, त्यो माणूस जित्ताच पायजे काय?"

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "नियमात तसं काही लिहिलेलं नाही बघा."

"मग झालं तर," अण्णासो म्हणाला आणि तळहातावरची तंबाखू फट्‌ फट्‌ झाडली.

दिवाळी झाली आणि अण्णासो झोपेतच गेला. छातीत कळ आली म्हणे. कुणाचा काही दोष नाही, काही नाही. तिरडी उचलताना धैर्यशील पुढं होता. म्हणाला, बांबूवर मागनं कुणी ठोका मारला तर मी इथंच तिरडी टाकून पळीन. लोकांना वाटलं, गडी दुःखानं बोलतोय.

नवा मदतनीस लगेच कुठला मिळतोय? कचरा साचला, कुत्री माजली, बायकांनी सरपंच संयोगितावहिनींचं दार धरलं.

"वहिनी, मागं माणूस न्हाय. साहेबांचा नियम हाय," धैर्यशील म्हणाला.

"नियम तोंडाला बांधून फिरू का मी गावात? जा, टाकून या. न्हायतर चावी ठेवा हितं, दुसरा बघते."

कंत्राटी नोकरी. चावी ठेवली की चूल थंड. गेला बिचारा.

मार्गशीर्षातली सकाळ. गुऱ्हाळं पेटलेली. काकवीचा गोड गोड वास आणि त्याच्याखाली कुजक्या कचऱ्याचा, असले दोन वास एका नाकात. धुकं इतकं दाट की खणीवर गाडीचं स्वतःचं तोंड गाडीला दिसेना. आरशात तर नुसतं दूध ओतल्यागत. धैर्यशीलनं गाडी उलटी लावली, गिअर टाकला, आणि क्लचवर पाय ठेवून तसाच बसला. काठ कुठाय? पुढं जायचं का मागं? कुठं पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

धप्‌ धप्‌.

मागं. पत्र्यावर. दोन.

धैर्यशीलनं हँडब्रेक ओढला. तो उतरला, मागं गेला. कुणी नाही. हौद्याच्या मागच्या दारावर, फाळक्यावर, दव साचलेलं, जसंच्या तसं. "कोण हाय रं?" त्यानं विचारलं. खणीनं तेवढंच परत विचारलं.

पळून जायला पाहिजे होतं. पण चावी ठेवायची भीती भुतापेक्षा मोठी असती, हे नोकरदाराला सांगायला नको. परत बसला. परत दोन. त्यानं गाडी इंचाइंचानं मागं सोडली. दोन... दोन... आणि धाडकन एक!

त्यानं ब्रेक दाबला. उतरून बघितलं, तर मागचं चाक काठापासून वीतभर. आणखी जरा मागं गेला असता तर हिरव्या पाण्यात. वाऱ्यावर तंबाखू-चुन्याचा वास आला आणि गेला.

माणूस कशालाही सवकतो. आधी थरथरला, मग रोज जायला लागला, मग चक्क "चला अण्णा" म्हणून गाडी मागं घ्यायला लागला. कुणाला बोलला नाही. गाव खूष, वहिनी खूष. घरात बायको स्वप्नाली तेवढी म्हणाली, "आजकाल तुम्ही भीत का न्हाय वो? मलाच भ्या वाटाय लागलंय."

मग नवा माणूस आला. सम्राट. साधा, मुकाट, दोन पोरींचा बाप. पहिल्याच दिवशी तसंच धुकं. धैर्यशीलनं त्याला भाषा सांगितली, दोन म्हणजे ये, एक म्हणजे थांब. सम्राटनं मान हलवली आणि गाडीमागं धुक्यात गेला.

धप्‌ धप्‌. गाडी मागं.

धप्‌ धप्‌. आणखी मागं.

आता थांबायला पाहिजे, धैर्यशीलच्या मनात आलं. रोजची जागा त्याच्या कमरेला कळत होती.

धप्‌ धप्‌.

 ही खोडी सम्राटला कुणी सांगितली? नवा माणूस भिऊन चार हात आधीच थांबवील. काठाला आल्यावर वरचे दोन मारणारा गावात एकच होता. धैर्यशीलनं सगळा जीव ब्रेकवर टाकला.

खाली उतरला. सम्राट फाळका आणि खण यांच्या मधोमध उभा. टाचा काठाच्या बाहेर, छातीला फाळका टेकलेला. तोंड उघडं, आवाज नाही. धैर्यशीलनं त्याला बखोट धरून ओढला तेव्हा कुठं घशातनं शब्द सुटले.

"मी... मी एक बी हात मारला न्हाय वो... मला मागनं कुणीतरी धरलंतं... हातबी हालवू दीना..."

"मागनं? अरं मागं तर खण हाय."

"व्हय," सम्राट म्हणाला आणि मटकन खाली बसला.

धैर्यशीलनं काठावरनं हिरव्या पाण्याकडं बघितलं. आपण थांबलो नसतो, तर शेवटचा एक पडला असता का? अण्णाची खोडीच असंल की. गंमत असंल. पण नसली तर?

कचरा तसाच ठेवून दोघं पंचायतीत आले. नेमके प्रसेनजीत साहेब वर्षाची गाडीतपासणी करून निघालेले. सम्राट ओट्यावर बसला, हातात चहाची बशी धरून. धैर्यशील साहेबांच्या जीपच्या खिडकीशी गेला.

"साहेब, त्या नियमात एक शबुद वाढवा."

"कुठला हो?"

"जित्ता. मागं जित्ता माणूस पायजे, आसं लिवा."

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. त्यांना अण्णासो आठवला असावा, कारण ते हसले. "लिहितो, लिहितो. आता मला जाऊ द्या. मागं कोण आहे का? वळवायला जरा मागं घ्यावी लागेल."

साहेबांच्या जीपमागं पंचायतीचा जुना आड. कठडा गेल्या पावसात ढासळलेला, बांधायचा ठराव अजून मंजूर व्हायचा होता. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. धैर्यशीलला वाटलं, आपणच जावं. आपण तर जिवंत आहोत. दोन ठोके मारायचे, जीप हलली की लगेच एक, विषय संपला. आयुष्यात पहिल्यांदा नावाला जागला गडी.

"मी हाय साहेब मागं," तो म्हणाला आणि जीप आणि आड यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

इंजिन सुरू झालं. साहेबांनी पट्टा लावल्याचा टक्‌ आवाज आला. नियमाचा माणूस, ठोका पडल्याशिवाय गाडी हलवणार नव्हता. वाट बघत बसला.

धैर्यशीलनं पहिले दोन ठोके मारायला हात उचलला. उचलला म्हणजे, उचलायला गेला. मनगटाला गार काहीतरी लागलं. मग दुसऱ्या मनगटाला. पाठीमागनं. आडाच्या बाजूनं. कानाजवळ तंबाखू-चुन्याचा वास आला. ओरडायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

धप्‌ धप्‌.

"येतोय," साहेब आतनं म्हणाले, आणि जीप मागं सरकली.

धप्‌ धप्‌.

धैर्यशीलच्या टाचेखालचा दगड सुटला. बऱ्याच वेळानं खाली पाण्याचा आवाज झाला. फाळका छातीला टेकला. ओट्यावर सम्राटनं मान वर केली, आणि त्याच्या हातातली बशी खाली पडली.

धप्‌ धप्‌.

आता एक पडायला पाहिजे होता.