पाठमोऱ्या

लिस्बेतने पुस्तक फाडलं नव्हतं, कापलं होतं. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात ती जुनी चित्रं विकायची, आणि त्या धंद्यात एवढा फरक मानतात. तीनेकशे वर्षांचं पुस्तक, पानापानावर एकेका पंथाची नन: कपाळावर पट्टी, डोक्यावर काळं शिरोवस्त्र, कमरेला जपमाळ. अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळत नाही. सुटं चित्र रंगवून चौकटीत घातलं की हातोहात खपतं.

तिची मावशी सिस्टर अमांदिना स्वतः नन होती. तिचा मठ बंद झाला, तेव्हा तिनेच ते पुस्तक लिस्बेतच्या हाती सोपवलं होतं.

"एकत्र ठेव गं यांना. आम्हाला एकटं राहायची सवय नाही."

लिस्बेतने तोंड भरून होकार दिला होता.

पहिली तक्रार दातांचे डॉक्टर फरहाखे यांची. चित्र टेबलावर ठेवत ते म्हणाले, "बाई, मी चेहरा घेतला होता. ही पाठमोरी कशी? बायकोनंतर आता हीसुद्धा रुसली का माझ्यावर?"

लिस्बेत हसली. पोशाख मागूनही कळावा म्हणून अशी चित्रं काढतच असत. चुकून दुसरं बांधलं गेलं असेल. पण या ननच्या गालांचा गुलाबी रंग तिने स्वतः भरला होता. त्याचा डाग अजून बाहीवर होता.

तिने खणातली उरलेली चित्रं काढली. त्यातल्या काही नन पाठमोऱ्या होत्या. शनिवारपर्यंत सगळ्याच झाल्या. कागद तोच, छापताना कागदात दबलेली तांब्याच्या ठशाची कड बोटाला तशीच लागत होती. खाडाखोड कुठेच नव्हती.

त्यातच मावशीचा फोन आला. "उद्या पुस्तक आण ना. सगळ्यांना एकदा बघेन म्हणते."

लिस्बेतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वृद्धाश्रमात कॉफीचा वास दरवळत होता. मावशी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. दारातून तिचं शिरोवस्त्रच तेवढं दिसत होतं. लिस्बेत मागच्या स्टुलावर टेकली. मांडीवर पुस्तकाचे नुसते पुठ्ठे होते.

"मावशी, मी कापलं गं ते. विकलं. लाज वाटते मला."

मावशीने मान वळवली नाही.

"हवं तर थोबाडीत मार. पण एकदा माझ्याकडे बघ."

"बघत्येच आहे की," मावशी मायेने म्हणाली.

लिस्बेत उठली. खुर्चीला वळसा घालून खिडकीशी आली.

समोर उभी राहिली.

समोरूनही पाठीवरच्या काळ्या शिरोवस्त्राच्या सरळ चुण्याच दिसत होत्या.