तिखटाचा दुसरा चमचा

तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं... आणि दारात नेमका चष्मेवाला!

"आत्याबाईंचा चष्मा तयार झाला. वाटेतच होतं घर, म्हणून—" तो थबकला. "तुम्ही रडताय?"

"छे! तिखटाचा ठसका."

खोटं नव्हतं ते. चष्म्याशिवाय आत्याला छोटा चमचा काय नि मोठा काय, सारखेच. तिनं रश्श्यात मोठा चमचाभर तिखट घातलं. मग घातलं की नाही तेच आठवेना, म्हणून आणखी एक. ही शेजारीच कांदा चिरत होती. सगळं पाहिलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. कारण आज आत्याच्या मैत्रिणीचा मुलगा जेवायला येणार होता. "नुसतं बोलून तर बघ गं चिऊ!" लहानाचं मोठं करणाऱ्या आत्याला 'नको' कसं म्हणायचं? मग रश्श्यानंच काय ते सांगावं!

आणि नको, तर का नको? हे तरी तिला कुठं धड ठाऊक होतं? दुकानात भिंगं बदलताना हा चष्मेवाला विचारायचा, "आधीचं बरं, की आताचं?" विचारायचा आत्याला, बघायचा हिच्याकडे. की भासच तो?

"चष्मेवाले का?" आत्या लगबगीनं आली. "अहो, रस्सा नुसता जाळ झालाय, आणि पाहुणे येतील आता!" चष्मा घेऊन ती साडी बदलायला आत पळाली.

"मी बघू?" त्यानं बाह्या दुमडल्या. "एकटा राहतो. बिघडवून नीट करण्यात हातखंडा आहे आपला."

त्यानं उकडलेला बटाटा कुस्करून घातला, गॅस बारीक केला, दही फेटून चमचा चमचा सोडू लागला. "एकदम ओतलं तर फाटतं... पाहुणे कोण?"

"आत्याच्या मैत्रिणीचा मुलगा. मला... भेटायला."

चमचा हवेतच थांबला. दह्याचा थेंब ओट्यावर पडला.

"अच्छा," तो म्हणाला. आणि राहिलेलं दही निमूटपणे रश्श्यात सोडलं!

आता मात्र तिला काहीच समजेना. याला वाईट वाटलं, तर हा रस्सा का सुधारतोय? आणि नाही वाटलं, तर याचा आवाज असा का बसला?

"चाखा," त्यानं तिच्या तळहातावर थेंबभर रस्सा ठेवला. "आधीचं बरं, की आताचं?"

"आधीचं."

"आधीचं? अहो, जीभ सोलून निघाली असती!"

"त्याची निघू दे ना..."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग पातेल्याकडे. पुन्हा तिच्याकडे. हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"मग... तिखटाचा डबा कुठंय?"

तिनं डबा पुढं केला. त्यानं पहिला चमचा घातला, दुसरा घातला—

"काय चाललंय?" दारात आत्या. नाकावर नवा चष्मा. तिनं डबा पाहिला, त्याचे कान पाहिले, भाचीची खाली गेलेली मान पाहिली. "चिऊ! आधी सांगायला काय झालं होतं?"

"माझंच मला कळत नव्हतं गं आत्या."

"बरं. त्यांना मी फोन करते, रस्सा बिघडला म्हणून. पण ज्यानं तिखट घातलं, त्यानंच तो खायचा. वाढ याला!"

पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले. तिनं पाण्याचा पेला हातात घेतला... पण लगेच दिला नाही.

"आधीचं बरं," तिनं हळूच विचारलं, "की आताचं?"

"आताचं," तो म्हणाला. आणि नाक पुशीत त्यानं दुसरा घास घेतला.