ओलीची उंची

विमा कंपनीचा सर्व्हेअर ताईच्या मोबाइलवरचे फोटो एकेक करून पाहत होता आणि ताई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, निकालाच्या दिवशी मुले पाहतात तशी.

मंगळवारी पाइप फुटला तेव्हा घरात कोणी नव्हते. ती परतली तोवर पाणी ओसरले होते. मागे उरली होती खोलीच्या चारही भिंतींवर वीतभर ओल, आणि भिजलेल्या वह्या कपाटात कुजाव्यात तसा गिलाव्याचा वास. सर्व्हेअरने फोनवर बजावले होते, काहीही पुसण्याआधी फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत जमिनीवर उभी केलेली टेप हवी. ताईने पंधरा मिनिटांत नऊ फोटो काढले होते.

“पहिल्यात नऊ इंच,” सर्व्हेअर म्हणाला. “चौथ्यात दोन फूट. शेवटच्यात साडेचार. आणि भिंतीवरचा डाग वीतभर. हे कसं काय?”

“ताई, टेप उलटी धरलीस की काय?” धाकटा भाऊ कुजबुजला.

“वीस वर्षं भूमिती शिकवतेय. तू मला टेप शिकव आता.”

फोटो बनावट ठरले तर दावा जाईलच. त्याहून बोचत होते ते हे की, जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडणारी बाई लबाड ठरेल.

तिने फोटो पुन्हा पाहिले. टेप सरळ होती, आकडे स्वच्छ होते. कपाट, खुर्ची, सारे जागच्या जागी. ओलीची रेघ तेवढी फोटोगणिक वर चढत गेली होती, कसलीच घाई नसल्यासारखी.

“थांबा, मीच काढतो,” सर्व्हेअर म्हणाला. त्याच्या सुरात थोडी कीव होती.

त्याने स्वतःची टेप कोपऱ्यात उभी केली. चार दिवसांत भिंत वाळली होती. फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता.

फोटो काढून तो मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहिला.

मग दुसरा काढला.

तिसरा काढलाच नाही.

“किती आलं?” ताईने विचारले.

त्याने आपली बॅग उचलली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

“अहो, किती आलं?”

हनुवटी उंच करून, एकेक जड पाऊल चाचपत, तो कोरड्या फरशीवरून दाराकडे निघाला.